सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' आणि तणमोराचं गवत

घरात शेतीचा सातबारा असेल तर काढून समोर ठेवा. वरच्या भागात भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकारणी वगैरे दिसेल. त्याच पानावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तो फक्त जमीन विकत घेताना वाचतात, तेही वकिलाने सांगितलं म्हणून. त्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो, विहिरीत चुलतभावाचा चार आणे हिस्सा असतो, कुठे कुळाची जुनी नोंद, कुठे कालव्याची पाइपलाइन. म्हणजे जमीन तुमची, पण तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी एक बारीकसा हक्क. तो हक्क तुम्ही जमीन विकली तरी जमिनीबरोबर जातो.

आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. याच रकान्यात अशी एखादी नोंद होऊ शकते का, की 'या गटातली पाच एकर गवताची जमीन कायम गवताचीच राहील, नांगरली जाणार नाही, बांधकाम होणार नाही'? आणि ती नोंद मालकाने स्वतःहून, मोबदला घेऊन, आपल्या नातवंडांनाही बांधील राहील अशी करून दिलेली असेल?

अमेरिकेत होऊ शकते. तिथे याला 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' म्हणतात. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत ईझमेंटला 'सुविधाधिकार' असा शब्द आहे आणि बोलण्यात 'वहिवाटीचा हक्क'. मी याला 'संवर्धन-सुविधाधिकार' म्हणेन, शब्द जरा जड आहे, सांभाळून घ्या.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रात झाली, पीएचडी वाशिम जिल्ह्यातल्या गवताळ जमिनींवर सुरू आहे. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या पट्ट्यात फिरते, चौकट टाकून गवतं मोजते. पण गवत मोजता मोजता लक्षात आलं की कोणतं गवत कुठे उरलंय हे ठरवणारी गोष्ट मातीपेक्षा जास्त कागदावर आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या माझ्या एका प्लॉटचे मालक काका एकदा म्हणाले, "ताई, हे गवत तुमाले पायजे, पाखराले पायजे. मंग मले काय भेटन त्याचं?" मी त्यांना मातीची धूप, पाणी मुरणं, चारा असं काहीतरी सांगितलं. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि या लेखात मी त्याच प्रश्नाच्या मागे मागे जाणार आहे, जरा लांबच्या वाटेने.

सुरुवात फार जुन्या काळापासून करते, कारण जमिनीच्या मालकीला कायमची अट चिकटवणं ही कल्पना काही अमेरिकेतून आलेली नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथेच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला, नांदेडच्या बाजूचं एक गाव दान दिल्याचा. वाकाटकांची दानपत्रं वाचताना एक गंमत कळते. राजा 'गाव दिलं' एवढंच लिहून थांबत नाही. त्या गावात सैनिकांनी शिरायचं नाही, गवत मागायचं नाही, कोळसा मागायचा नाही, मीठ खणायचं नाही, असे एकेक हक्क तो वेगळे काढून सोडून देतो. म्हणजे जमीन ही एकसंध वस्तू नसून हक्कांची मोळी आहे, तिच्यातली एकेक काडी वेगळी काढून देता येते, हे त्या कारकुनांना स्वच्छ माहीत होतं.

त्याहून मजेशीर आहे तो चम्मकचा ताम्रपट. चम्मक हे अमरावती जिल्ह्यातलं, अचलपूरजवळचं गाव. मुख्य शाखेतल्या प्रवरसेन दुसऱ्याने पाचव्या शतकात हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं, पण अटीवर. राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, युद्ध करायचं नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही वगैरे. हे पाळलं तर चंद्र-सूर्य असेपर्यंत गाव तुमचं. मोडलं तर राजाने गाव परत घेतलं तरी ती चोरी ठरणार नाही. दान, कायमची मुदत, अट, आणि अट मोडल्यास काय होईल याची तरतूद. आजच्या संवर्धन-सुविधाधिकाराच्या दस्तात याच चार गोष्टी असतात. फक्त तिथे अट ब्राह्मणांच्या वागण्यावर होती, इथे जमिनीच्या वापरावर असते.

आता एकदम दीड हजार वर्षं उडी मारू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिलं. वाशिमला तेव्हा साहेब 'बासिम' म्हणत, आणि १९०५ मध्ये तो जिल्हा मोडेपर्यंत बासिम हा वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा होता. (पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.) १८६० च्या दशकात इथे मुंबई पद्धतीची मोजणी आणि रयतवारी आली. प्रत्येक शेताला नंबर, नंबरावर सारा, आणि सारा भरतो त्याचा वहिवाटीचा, विकता येणारा, वारसाने जाणारा हक्क. नेमक्या त्याच वेळी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. रेल्वे आली, खामगाव-कारंज्याचे बाजार फुगले, पुढे कारंज्यातून ती लाडकी 'शकुंतला' गाडीही धावू लागली. कापसाखाली जमीन आली ती कुठून? बरीचशी गवतातून, गुरचरणातून. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं इंग्रजी पुस्तक याच गोष्टीभोवती फिरतं, मिळालं तर जरूर वाचा.

इंग्रजांनी वऱ्हाडातल्या सरकारी जंगलाचे वर्ग पाडले. एक लाकूड-जळणाचा, एक चाऱ्याचा म्हणजे 'रमणे', आणि एक चराईचा. गावालगतच्या सरकारी चराईच्या जमिनीला आपण आजही 'ई-क्लास' म्हणतो. पण या सगळ्या वर्गवारीत एक गोष्ट कुठेच बसत नव्हती, आणि आजही बसत नाही: खाजगी मालकीच्या नंबरातलं गवत. ते ना जंगल, ना पीक. तलाठ्याच्या कागदावर ते 'पडीत'. हा शब्द बघा किती अन्याय करतो. ज्या जमिनीत पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं गर्दी करून उभी असतात, पावसाळ्यात तणमोर हवेत उड्या मारून मादीला बोलावतो, काळविटांचे कळप फिरतात, तिला आपण पडलेली म्हणतो. आणि पडलेल्या गोष्टीचं एकच करायचं असतं, ती उचलून 'कामाला' लावायची.

सरकारी गवताला निदान काही छत्र मिळालं. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. समृद्धी महामार्ग याच भागातून गेला. अकोला-वाशिममध्ये फासेपारधी समाजातली माणसं, ज्यांच्या आजोबांचं पोट तणमोर-तितराच्या फाशांवर चाललं, ती आता 'संवेदना' या संस्थेबरोबर गवताळ जमिनी राखण्याचं काम करतात. हे सगळं मोलाचं आहे. पण काळवीट आणि तणमोर गट नंबर बघून चरत नाहीत. अभयारण्याची हद्द संपते तिथून पुढे सोयाबीन आणि तूर सुरू होते, आणि मधल्या बरड, उथळ मातीच्या तुकड्यांचं काय करायचं हे त्या तुकड्याचा मालक ठरवतो.

मग मालकाला बांधता येतं का, त्याच्या मर्जीने?

इथे थोडं लंडनला जाऊन यावं लागेल. १८०८ मध्ये टल्क नावाच्या गृहस्थांनी लेस्टर स्क्वेअरमधली बाग विकली, पण खरेदीखतात अट घातली की ती बाग म्हणूनच राखायची, तिच्यावर इमारत उठवायची नाही. आजूबाजूची घरं टल्क यांचीच होती, बाग राहण्यात त्यांचा फायदा होता. बाग हातोहात विकली जात शेवटी मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. तो म्हणाला, अट मी कुठे लिहून दिलीय? पहिल्या गिऱ्हाइकाने दिली होती. मला इथे बांधायचंय. १८४८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, घेताना तुला अट माहीत होती ना, मग ती तुलाही लागू. ती बाग आजही तिथे आहे. करार दोन माणसांमधला असतो, पण काही बंधनं जमिनीला चिकटतात आणि पुढच्या मालकाबरोबर चालतात, हा धडा त्यातून पक्का झाला.

व्हिटली स्टोक्स यांनी तयार केलेला भारतीय सुविधाधिकार कायदा आला १८८२ मध्ये. सुरुवातीला तो मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्गला लागू होता, १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लावला गेला. त्याचं कलम ४ मी इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ व्हायला आलंय. सोप्या मराठीत सांगायचं तर: एका जमिनीच्या मालकाला, आपल्या जमिनीचा उपभोग नीट घेता यावा म्हणून, दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याचा किंवा तिथे काही होऊ न देण्याचा हक्क, म्हणजे सुविधाधिकार. 'होऊ न देण्याचा' हे शब्द मला पहिल्यांदा दिसले तेव्हा वाटलं, झालं की काम! नांगरू न देण्याचा हक्क यात बसतोच.

पण अडचण पहिल्या अर्ध्या वाक्यात आहे. हा हक्क माणसाला किंवा संस्थेला मिळत नाही, जमिनीला मिळतो. दोन जमिनी लागतात: एक भार सोसणारी, एक फायदा घेणारी. तुमच्या शेतातून माझ्या शेतात जायचा रस्ता असेल तर तुमचं शेत भार सोसतं, माझं शेत फायदा घेतं. आता तणमोर वाचवणारी एखादी संस्था अकोल्यात भाड्याच्या खोलीत बसते. तिची शेजारी जमीनच नाही. मग तिच्या नावाने सुविधाधिकार करून देता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदाही १८८२ चाच. त्याच्या कलम ४० मध्ये बागेच्या खटल्यासारखं बंधन मान्य केलंय, पण तिथेही तेच, बंधनाचा लाभ घेणाऱ्याची स्वतःची स्थावर मालमत्ता हवी. तणमोराच्या नावावर सातबारा नसतो, हीच सगळी पंचाईत.

अमेरिकेतही कायद्याची मुळं इंग्रजीच, त्यामुळे त्यांनाही हीच अडचण होती. त्यांनी ती कशी सोडवली हा या गोष्टीतला सगळ्यात वाचनीय भाग आहे.

१९३० च्या दशकात तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याने ब्लू रिज पार्कवे या डोंगरी रस्त्याच्या कडेच्या शेतकऱ्यांकडून 'देखाव्याचे' हक्क विकत घेतले. शेत तुमचं, पिकवा, राहा, पण रस्त्यावरून दिसणारा देखावा बिघडेल असं काही करू नका. नंतर विल्यम व्हाइट नावाच्या लेखक-पत्रकाराने १९५९ मध्ये शहरांभोवतालच्या मोकळ्या जागा वाचवण्यावर एक पुस्तिका लिहिली आणि 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्याचं म्हणणं साधं होतं. सगळी जमीन विकत घ्यायला सरकारकडे पैसा नाही, आणि गरजही नाही. मोळीतली एकच काडी विकत घ्या, ती म्हणजे बिघडवण्याचा हक्क.

पण वाशिमच्या जवळची वाटावी अशी गोष्ट घडली ती नॉर्थ डकोटा आणि आसपासच्या राज्यांत. तिथल्या सपाट शेतीत हजारो छोटी पाणथळ डबकी आहेत, हिमयुगातल्या बर्फाने कोरलेली. उत्तर अमेरिकेतली बदकं तिथे घरटी करतात. शेतकऱ्याला ते डबकं नकोच असतं, ट्रॅक्टर वळवावा लागतो. चर खणला, पाणी काढून दिलं की तेवढी जमीन गव्हाखाली. आपल्या बरडावरच्या गवतासारखंच, कागदावर निरुपयोगी आणि पाखरासाठी सर्वस्व.

बदकं कमी झाली की पहिली ओरड कोणाची? शिकाऱ्यांची! १९३४ पासून तिथे बदकाच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट घ्यावं लागतं, 'डक स्टॅम्प'. पहिल्या तिकिटाची किंमत एक डॉलर, आणि त्यावरचं चित्र काढलं होतं डिंग डार्लिंग या राजकीय व्यंगचित्रकाराने, जो तेव्हा त्या खात्याचा प्रमुखच होता. (व्यंगचित्रकाराला वन्यजीव खात्याचा प्रमुख करणारा देश. असो.) १९५८ मध्ये कायदा बदलून या तिकिटांच्या पैशातून शेतकऱ्यांच्या डबक्यांवरचे सुविधाधिकार विकत घ्यायची परवानगी मिळाली. शेतकऱ्याला एकरकमी पैसे मिळत. त्याने लिहून द्यायचं ते एवढंच: डबक्याचं पाणी चर खणून काढणार नाही, ते बुजवणार नाही, सपाट करणार नाही, जाळणार नाही. कोरड्या वर्षी ते आपोआप आटलं तर त्यात नांगर घालायला, पीक घ्यायला मोकळीक. मालकी त्याचीच, गुरं त्याचीच, कोणाला आत येऊ द्यायचं हेही तोच ठरवणार. मुदत मात्र कायमची.

या करारात कायम म्हणजे खरोखर कायम, आणि तिथेच भांडण झालं. मुलं-नातवंडं मोठी झाली, यंत्रं मोठी झाली, गव्हाचे भाव वाढले, आणि आजोबांनी चार पैशांसाठी सही का केली असं वाटायला लागलं. १९७७ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने कायदा केला की असे हक्क जास्तीत जास्त ९९ वर्षांचेच. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८३ मध्ये राज्य हरलं. बदकं जिंकली, पण मला या खटल्यात शेतकऱ्यांची बाजू अगदीच खोटी वाटत नाही. मेलेल्या माणसाच्या सहीने जिवंत माणसाचे हात किती काळ बांधायचे, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयाने निकालात काढला, सोडवला असं मी म्हणणार नाही.

दरम्यान दोन मोठे बदल झाले. १९८१ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. त्यात स्पष्ट लिहिलं की संवर्धनासाठीचा सुविधाधिकार एखाद्या संस्थेच्या नावाने होऊ शकतो, तिची शेजारी जमीन असण्याची गरज नाही. म्हणजे आपल्या कलम ४ मधली गाठ त्यांनी कायदा करून कापली. आणि त्याच सुमारास, १९८० मध्ये, करकायद्यात कायमची सूट आली. तुम्ही असा हक्क संस्थेला दान दिलात तर जमिनीची किंमत जितकी घटली तितकी रक्कम देणगी मानली जाईल.

हिशोब असा चालतो. समजा एका जमिनीला प्लॉट पाडायच्या दृष्टीने एक कोटी रुपये येतील, आणि 'कायम शेतीच' अशी अट घातल्यावर चाळीस लाख. मधले साठ लाख ही त्या हक्काची किंमत. मालकाने साठ लाखांची देणगी दिली असं धरून त्याला आयकरात सूट. संस्था दरवर्षी येऊन पाहणी करणार, अट मोडली तर कोर्टात जाणार. तिथल्या लाखो एकरांवर अशी बंधनं आहेत. अर्थात जिथे करसूट तिथे लबाडी. काही दलालांनी गुंतवणूकदारांच्या टोळ्या करून जमिनी घेतल्या, त्यांच्या किमती आकाशाला भिडवल्या आणि न बांधलेल्या बंगल्यांच्या नावाने करसूट लाटली. २०२२ च्या अखेरीस कायदा करून त्याला लगाम घालावा लागला.

आता परत मंगरूळपीरला येऊ. हे जसंच्या तसं इथे आणलं तर?

पहिली गोष्ट, करसुटीचं गाजर इथे चालत नाही. आपल्या आयकर कायद्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. ज्याला कर नाही त्याला सूट कशाची देणार? वारसा-करही आपण १९८५ मध्ये बंद केला. त्यामुळे अमेरिकेतलं करसुटीचं मॉडेल वाशिमच्या शेतकऱ्याला काडीचंही उपयोगाचं नाही, बदकवालं मॉडेल, म्हणजे रोख पैसे देऊन हक्क घेणं, तेवढं लागू पडू शकतं. परिषदांमध्ये याची गल्लत सारखी ऐकायला मिळते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवर निसर्गाच्या नावाने बंधनं आली, ती विचारून आली नाहीत. १९६४ चा झाडतोडीचा कायदा घ्या. स्वतःच्या बांधावरचं सागवान, मोह किंवा चिंच तोडायची तर परवानगी. १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा तर त्याच वर्षी ३० ऑगस्टला लागू झाला आणि खाजगी वनं थेट सरकारजमा झाली. किती जुन्या नोटिशीवर जमीन जाऊ शकते यावर मुंबईतल्या जमिनींचं प्रकरण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९६ मध्ये न्यायालयाने 'वन' शब्दाचा अर्थ शब्दकोशातला धरायचा, मालकी कोणाचीही असो, असं सांगितलं. पर्यावरणासाठी तो निर्णय मोठाच, पण गावात त्याचं भाषांतर एका वाक्यात झालं: झाडं वाढू दिली की जमीन जाते. ही भीती मी स्वतः अनेक बांधांवर ऐकलीय.

आणि नान्नज. सोलापूर-अहमदनगरमध्ये माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. आकडा पुन्हा वाचा. वाशिम जिल्हा सगळा मिळून पाच-सव्वापाच हजार चौरस किलोमीटर आहे. त्या हद्दीत गावं होती, शहरं होती, हजारो शेतकऱ्यांची खाजगी शेतं होती. वन्यजीव कायद्याचं कलम २० म्हणतं की अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की त्या जमिनीत वारसाहक्क सोडून नवा हक्क निर्माण करता येत नाही. म्हणजे खरेदी-विक्री अडली, बिगरशेती परवानगी अडली, मुलीच्या लग्नाला दोन एकर विकायचे तरी साहेबाच्या दारात. मोबदला शून्य. शेतकऱ्याच्या मनात माळढोक म्हणजे सातबाऱ्यावर बसलेलं भूत झालं. शेवटी क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं, पण तोवर बरीच वर्षं गेली होती, आणि माळढोक आज तिथे जवळजवळ दिसेनासा झालाय. याचं खापर फक्त अभयारण्याच्या हद्दीवर फोडता येणार नाही, ऊस आहे, विजेच्या तारा आहेत, बरंच काही आहे. तरी संवर्धन-सुविधाधिकाराच्या नेमकं उलट काय असतं हे बघायचं असेल तर नान्नजचा इतिहास बघावा. बंधन तेच, पण सही मालकाची नाही आणि पैसाही नाही.

मग आपल्या कायद्यात मालकाच्या इच्छेने चालणारं काहीच नाही का? आहे, आणि ते शोधताना मला जरा आश्चर्यच वाटलं.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ३८. त्यात म्हटलंय की जमिनीचा मालक, किंवा मालक अनेक असतील तर किमान दोन तृतीयांश हिस्सेदार, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवू शकतात की आमच्या जमिनीवर वन तयार व्हावं किंवा राखलं जावं, आणि ती वनाधिकाऱ्याने आमच्या वतीने सांभाळावी, दोघांना मान्य अटींवर. 'दोघांना मान्य अटींवर' हे शब्द महत्त्वाचे. जवळजवळ शंभर वर्षं हे कलम पुस्तकात आहे. पण वनखात्याचा पूर्वानुभव लक्षात घेता स्वतःहून तिथे अर्ज करणारा शेतकरी मला अजून भेटायचाय.

दुसरं, वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेलं 'समुदाय राखीव क्षेत्र', कलम ३६-क च्या पुढचं. एखादा समाज किंवा एखादी व्यक्ती स्वेच्छेने पुढे आली तर खाजगी जमीनही अशी जाहीर करता येते. मेघालयात अशी क्षेत्रं सर्वाधिक आहेत. कर्नाटकातलं कोक्करे बेल्लूर २००७ मध्ये जाहीर झालं, तिथे तर जंगल नाहीच, गावातल्या परसातली चिंचेची वगैरे झाडं आहेत आणि त्यांवर पेलिकन व चित्रबलाकांची घरटी. विणीच्या काळात लोक चिंचा पाडत नाहीत आणि वनखातं झाडाच्या मालकाला भरपाई देतं. बदकांच्या डबक्यांची ही आपल्या मातीतली बहीणच म्हणा.

पण कलम नीट वाचलं की काटा लागतो. एकदा क्षेत्र जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर राज्य सरकारची मंजुरी. मालकाला पैसे मिळतीलच अशी हमी कायद्यात नाही. मुदत नाही, बाहेर पडायचं दार नाही. सुरुवातीला तर खाजगी जमिनीच्या समितीत खुद्द मालकाच्या जागेची वेगळी तरतूद नव्हती, ती २०२२ च्या दुरुस्तीने आली. वीस वर्षं लागली ही गोष्ट सुचायला की ज्याची जमीन त्याला खुर्ची द्यावी.

विनोबांचं भूदान इथे आठवणं साहजिक आहे. १९५१ नंतर लोकांनी खरोखर जमिनी लिहून दिल्या, आणि भूदानात मिळालेली जमीन विकता येत नाही ही अट आजही सातबाऱ्यावर चालते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली गेल्या दशकात आपली जमीन ग्रामसभेच्या नावे केली. मालकी एकीकडे, कसणं दुसरीकडे, विकण्याचा हक्क तिसरीकडे. म्हणजे स्वेच्छेने कायमची अट स्वीकारणं मराठी माणसाला परकं आहे हे म्हणणं मला पटत नाही. पण ती पूर्ण दानाची भाषा होती, आणि पाच एकर बरडाच्या मालकाकडून प्रत्येक वेळी संत होण्याची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

कायदा बदलेपर्यंत काय करता येईल? माझ्या वकील मैत्रिणीशी वाद घालता घालता एक वाट सापडली. संस्थेने शेजारी गुंठाभर जमीन घ्यावी आणि 'फायदा घेणारी जमीन' व्हावं, असं आधी वाटलं होतं. अमेरिकेत काही ठिकाणी तसं करतात. पण विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतातला गुंठा वेगळा विकणंही अवघड. ती वाट बंद.

मग संस्था बाजूला ठेवा. शेजारी शेतकरीच घ्या. बांधाला बांध लागून असलेल्या दोन मालकांनी एकमेकांना लिहून दिलं, की तुझ्या बरडावरचं गवत तू मोडायचं नाहीस, माझ्या बरडावरचं मी मोडणार नाही, तर? दोन्ही जमिनी आहेत. प्रत्येक जमीन भारही सोसते आणि फायदाही घेते. वरच्या शेतातलं गवत राहिलं तर खालच्या शेतातली माती धरली जाते, हा फायदा कोणीही मोजून दाखवू शकेल. शिवाय कलम ४ मध्येच स्पष्ट केलंय की उपभोगात दूरचा फायदा आणि नुसती शोभासुद्धा धरायची. १८८२ सालच्या कायद्याला शोभा चालते! असा दस्त नोंदणी करून दिला तर 'इतर हक्क' मध्ये त्याची नोंद मागायला आधार आहे, आणि पैसे द्यायचे असतील तर संस्थेने ते दोघांना वेगळ्या, मुदतीच्या करारातून दरवर्षी द्यावेत.

यातली खोच मैत्रिणीने लगेच दाखवली. दोघा शेजाऱ्यांनी दिलेला हक्क दोघे शेजारी मिळून सोडूही शकतात, आणि दोन्ही शेतं एकाच माणसाने विकत घेतली तर तो हक्क आपोआप संपतो. अमेरिकन संस्थांना हे पोकळ वाटेल. मला मात्र नॉर्थ डकोटाचा खटला वाचल्यापासून ही ढिलाई तितकीशी वाईट वाटत नाही. बरडावर पुन्हा गवत यायला किती वर्षं लागतात हे मी मोजतेय, आणि दोन माणसांनी बसून विचार केल्याशिवाय नांगर लागणार नसेल तर तेवढ्यानेही बऱ्याच विणीच्या हंगामांची सोय होते. सध्या मी आणि ती मिळून अशा दस्ताचा दोन पानी मराठी मसुदा करतोय. 'गवत' या शब्दाची व्याख्या कशी करायची यावर गाडी अडली आहे, कारण तिला एका ओळीची हवी आहे आणि माझ्या वहीत सदतीस जातींची यादी आहे.